जपानची लोकशाही : कायद्यातील समता आणि समाजातील समता

युवकांच्या अभ्यासवर्गात आम्हाला हमखास विचारले जाते, 'जपानमध्ये बौद्ध धम्म आहे, म्हणून तिथे लोकशाही आणि समता आपोआप आली का?' आमचे उत्तर 'नाही' असेच असते.

१८८९ ची मेइजी राज्यघटना सम्राटाने प्रजेला बहाल केली होती. सार्वभौम सत्ता त्याच्याकडेच राहिली. १८९० च्या पहिल्या निवडणुकीत २५ वर्षांवरील, किमान १५ येन थेट कर भरणाऱ्या पुरुषांनाच मत होते. म्हणजे लोकसंख्येच्या जेमतेम १ टक्क्याला! कराची अट जायला १९२५ उजाडले. त्याच वर्षी शांतता संरक्षण कायदाही आला आणि वेगळा विचार मांडणाऱ्यांना तुरुंगात टाकण्याचे हत्यार सरकारला मिळाले. १९३२ मध्ये नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी पंतप्रधान इनुकाई यांची हत्या केली आणि पक्षांची सरकारे संपली. १९४० मध्ये पक्षच विसर्जित झाले.

महायुद्धातील पराभवानंतर चित्र बदलले. एप्रिल १९४६ मध्ये स्त्रियांनी प्रथमच लोकसभेसारख्या कनिष्ठ सभागृहासाठी मतदान केले. ३९ स्त्रिया निवडून आल्या. ३ मे १९४७ रोजी नवी राज्यघटना लागू झाली. सत्ता जनतेची झाली, आणि कलम १४ ने लिंग, सामाजिक दर्जा व कुळ यांवरून होणारा भेदभाव नाकारला.

'कुळ' हा शब्द आपण नीट वाचला पाहिजे. जपानमध्ये कातडे कमावणे, मेलेली जनावरे उचलणे अशा कामांमुळे अस्पृश्य ठरवलेला बुराकू समाज आहे. १८७१ च्या आदेशाने त्यांचा हीन दर्जा कागदावर रद्द झाला, वस्त्या मात्र वेगळ्याच राहिल्या. म्हणून ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे त्यांनी 'सुइहेइशा' ही स्वतःची संघटना उभारली. महाडच्या सत्याग्रहाआधी पाच वर्षे! तिचे नेते मात्सुमोतो जिइचिरो १९४७ मध्ये वरिष्ठ सभागृहाचे उपाध्यक्ष झाले.

आपल्याला बोचणारी गोष्ट पुढेच आहे. काही बौद्ध मंदिरांनीही बुराकू मृतांना हिणवणारी मरणोत्तर नावे दिली होती. आणि बुराकू भेदभाव संपवण्यासाठी २०१६ मध्येही जपानला वेगळा कायदा करावा लागला.

राजकीय लोकशाहीला सामाजिक लोकशाहीचा पाया नसेल तर ती टिकत नाही, हा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिलेला इशारा जपानलाही लागू पडतो. धम्माचे नाव घेतल्याने समता येत नाही. ती विहारात, वस्तीत आणि घरात रोज आचरणात आणावी लागते. सुरुवात आपल्याच विहारापासून करूया.