यवतमाळ जिल्ह्यातील औद्योगिक वसाहती, परकीय गुंतवणूक व रोजगारनिर्मिती : एक विवेचन

प्रस्तावना :

यवतमाळ हा विदर्भातील प्रमुख कापूस उत्पादक जिल्हा आहे. १३,५८२ चौ.कि.मी. क्षेत्रफळाच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २७,७२,३४८ इतकी असून त्यापैकी सुमारे ७८ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्याचे अर्थकारण प्रामुख्याने कोरडवाहू शेतीवर अवलंबून आहे. पाऊस आणि कापसाचा भाव यांपैकी एक जरी हुकला तरी त्याचे परिणाम शेतकऱ्याच्या घरापासून आठवडी बाजारापर्यंत पोहोचतात. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्या सहा जिल्ह्यांत यवतमाळचा समावेश होता. शेतीवरील भार कमी करण्यासाठी शेतीबाहेर रोजगार निर्माण झाला पाहिजे, यावर सर्वसाधारणपणे एकमत आहे. तो कसा निर्माण व्हावा, हा खरा प्रश्न आहे. औद्योगिक वसाहती उभारून परकीय गुंतवणूक आकर्षित करणे हे त्याचे एक उत्तर सांगितले जाते. या उत्तराची यवतमाळच्या संदर्भात तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) औद्योगिक वसाहतीची संकल्पना व कार्यपद्धती स्पष्ट करणे.
२) यवतमाळ जिल्ह्यातील परकीय भांडवलाच्या अनुभवाचा आढावा घेणे.
३) जिल्ह्याची बलस्थाने व उणिवा लक्षात घेऊन उपाय सुचविणे.

प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून तो द्वितीयक साधनसामग्रीवर आधारित आहे.

औद्योगिक वसाहत : संकल्पना

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. महामंडळ जमीन संपादित करते, रस्ते, पाणी व वीज यांची सोय करते आणि विकसित भूखंड उद्योजकांना ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. एकट्या उद्योजकाला सातबारा तपासण्यापासून सांडपाण्याच्या विल्हेवाटीपर्यंतची जी कामे वर्षानुवर्षे करावी लागली असती, ती वसाहतीत एकत्रितपणे होतात. खर्च विभागला जातो व अनिश्चितता कमी होते. परकीय गुंतवणूकदारास स्थानिक कायदे, भाषा व कार्यालये अपरिचित असल्याने त्याच्या दृष्टीने ही निश्चितता करसवलतीइतकीच महत्त्वाची ठरते.

याशिवाय राज्य शासनाच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेद्वारे मागास तालुक्यांतील उद्योगांना अधिक सवलती दिल्या जातात. ही योजना १९६४ पासून वेळोवेळी सुधारित स्वरूपात राबविली गेली आहे. तथापि सहा दशकांनंतरही मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याचे औद्योगिक वर्चस्व कायम आहे. केवळ सवलतींच्या बळावर उद्योग मागास भागात जात नाहीत, असाच याचा अर्थ होतो.

यवतमाळमधील परकीय भांडवलाचे दोन अनुभव

परकीय भांडवल यवतमाळला नवे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या पुढाकाराने मूर्तिजापूर-यवतमाळ हा अरुंद मापी लोहमार्ग उभा राहिला. पुढे 'शकुंतला' या नावाने ही गाडी लोकांच्या जिव्हाळ्याचा विषय झाली. या मार्गाचा मूळ हेतू मात्र वऱ्हाडातील कापूस मूर्तिजापूरच्या मुख्य मार्गावर व तेथून मुंबईमार्गे इंग्लंडमधील गिरण्यांपर्यंत पोहोचविणे हा होता. येथे कापूस पिकला, सरकी निघाली, गाठी बांधल्या गेल्या. परंतु सूत, कापड व त्यावरील नफा अन्यत्र निर्माण झाला. भांडवल आले, पण मूल्यवृद्धी आली नाही.

दुसरा अनुभव यवतमाळ शहरालगतच्या लोहारा औद्योगिक वसाहतीतील आहे. येथे रेमंड समूहाने १९९६ मध्ये डेनिम कापडाचा कारखाना सुरू केला. २००६ मध्ये, म्हणजे वर उल्लेखिलेले पॅकेज ज्या वर्षी जाहीर झाले त्याच वर्षी, बेल्जियममधील यूको या कंपनीशी समान भागीदारीचा करार होऊन 'रेमंड यूको डेनिम' ही संयुक्त कंपनी अस्तित्वात आली. डेनिमला लागणारे सूत प्रामुख्याने कापसाचे असते. सूतकताई, निळीची रंगाई, विणाई व अंतिम प्रक्रिया या सर्व टप्प्यांवर मनुष्यबळ लागते. ज्या मातीत कापूस पिकतो तेथेच त्याचे कापड होऊन परदेशी बाजारपेठेत जाऊ शकते, हे या कारखान्याने दाखवून दिले.

या दोन्ही अनुभवांची तुलना केली असता दोन बाबी स्पष्ट होतात. पहिली, भांडवल परकीय आहे की देशी यापेक्षा ते मूल्यसाखळीच्या कोणत्या टप्प्यात गुंतविले जाते, हे रोजगाराच्या दृष्टीने निर्णायक असते. दुसरी, बेल्जियमची कंपनी मोकळ्या भूखंडाकडे आली नाही. दहा वर्षे चालू असलेल्या कारखान्याकडे आली.

अन्य ठिकाणचे अनुभव

तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या अनुभवातून दुसऱ्या बाबीस पुष्टी मिळते. वाळूज येथे १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला व त्याभोवती सुटे भाग पुरविणाऱ्या लघुउद्योगांचे जाळे विणले गेले. त्यानंतर २००१ मध्ये स्कोडा ही झेक कंपनी शेंद्रा वसाहतीत आली. पुढे ऑरिक या औद्योगिक नगरीत ह्योसंग या दक्षिण कोरियन कंपनीने स्पॅन्डेक्स धाग्याचा कारखाना उभारला. राजस्थानातील नीमराणा येथे २००६ मध्ये राज्य औद्योगिक महामंडळ व जपानची जेट्रो ही संस्था यांच्यातील करारानुसार केवळ जपानी कंपन्यांसाठी वसाहत विकसित करण्यात आली. तेथे दिल्ली-जयपूर महामार्गाचे सान्निध्य आणि गुंतवणूकदार देशाच्या संस्थेचा प्रत्यक्ष सहभाग या दोन गोष्टी उपयुक्त ठरल्या.

यवतमाळची बलस्थाने व उणिवा

कच्चा माल हे यवतमाळचे पहिले बलस्थान होय. कापसाबरोबरच वणी परिसरात कोळसा व चुनखडीचे साठे आहेत. नागपूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग पांढरकवडा परिसरातून, तर नागपूर-तुळजापूर महामार्ग यवतमाळ शहरातून जातो. यवतमाळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात वस्त्रोद्योग अभियांत्रिकीचे शिक्षण उपलब्ध आहे.

उणिवांमध्ये दळणवळणाचा उल्लेख प्रथम करावा लागतो. शकुंतलेची यवतमाळपर्यंतची फेरी २०१६ मध्ये थांबली. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ कि.मी.चा रुंदमापी मार्ग २००८-०९ मध्ये मंजूर झाला. त्यापैकी वर्धा-कळंब हा टप्पा सुरू होण्यास फेब्रुवारी २०२४ उजाडला. गाठी वा कापड बंदरापर्यंत नेण्याचा खर्च जिथे नफ्याचे गणित ठरवितो, तिथे असा विलंब महाग पडतो.

पाणी ही दुसरी अडचण होय. रंगाई व प्रक्रिया उद्योगांना मुबलक पाणी लागते आणि तितकीच काळजी सांडपाण्याचीही घ्यावी लागते. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने तीव्र पाणीटंचाई सोसली. ज्या गावात नळाला पाणी नाही तेथे कारखान्याला पाणी दिल्यास असंतोष निर्माण होणे स्वाभाविक आहे. तिसरी बाब जमिनीची. जिल्ह्याच्या काही तालुक्यांत अनुसूचित क्षेत्र असून तेथे १९९६ च्या पेसा कायद्यानुसार भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय बंधनकारक आहे. ही तरतूद अडथळा न मानता विश्वास संपादन करण्याचा मार्ग मानली पाहिजे.

नवी संधी

केंद्र शासनाच्या पीएम मित्र योजनेंतर्गत देशात सात वस्त्रोद्योग पार्क २०२३ मध्ये जाहीर झाले. महाराष्ट्रातील पार्क अमरावती जिल्ह्यातील नांदगाव पेठ येथे सुमारे १,००० एकरांवर असून त्याचे भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झाले. शेजारच्या जिल्ह्यातील हा पार्क यवतमाळचा प्रतिस्पर्धी ठरेल की पूरक, हे नियोजनावर अवलंबून राहील. शिवणकाम व तयार कपड्यांचे टप्पे तेथे वाढणार असतील, तर स्वच्छ प्रतवारी केलेला कापूस, दर्जेदार गाठी, सूत व डेनिम पुरविण्याची भूमिका यवतमाळ घेऊ शकते. अन्यथा शंभर वर्षांपूर्वीप्रमाणे कापूस केवळ जिल्ह्याबाहेर जाईल. फक्त मँचेस्टरऐवजी नांदगाव पेठेला.

शिफारशी :

१) नवीन भूखंड संपादित करण्यापूर्वी विद्यमान वसाहतींतील वापराविना पडून असलेल्या भूखंडांचा आढावा घ्यावा.
२) एका मोठ्या उद्योगाभोवती पूरक लघुउद्योगांचे समूह उभारावेत.
३) प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा पुनर्वापर व सामाईक शुद्धीकरण प्रकल्प ही वसाहतीची पूर्वअट असावी.
४) औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे अभ्यासक्रम कताई, विणाई, रंगाई व शिवणकाम यांच्याशी जोडावेत; महिलांसाठी वसतिगृह व वाहतुकीची सोय करावी.
५) वर्धा-नांदेड लोहमार्गाचे उर्वरित काम पूर्ण करून त्यावर मालधक्क्याची व्यवस्था करावी.
६) सवलतींची रक्कम गुंतवणुकीच्या आकड्याऐवजी प्रत्यक्ष निर्माण झालेल्या स्थानिक रोजगाराशी निगडित ठेवावी.

निष्कर्ष :

औद्योगिक वसाहत हे साधन आहे, साध्य नव्हे. फलक लावलेला भूखंड आणि करारावर झालेली स्वाक्षरी यांतून रोजगार निर्माण होत नाही. तो चालू कारखान्यातून, त्याभोवतीच्या पुरवठादारांतून व कुशल हातांतून निर्माण होतो. यवतमाळच्या दोन्ही अनुभवांचा हाच बोध आहे. पाणी, लोहमार्ग, प्रशिक्षण आणि स्थानिक उद्योग यांची पायाभरणी आधी झाल्यास परकीय गुंतवणूक तिच्यामागून येऊ शकते. ती आली तर कापूस पिकविणाऱ्याच्या मुलाला पुणे-सुरतेची वाट न धरता आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच कापसावर काम करता येईल. या प्रयत्नांचे यश याच कसोटीवर मोजले जावे.