मांडीच्या वाटेने हृदयाकडे

हृदयातून महारोहिणीत उघडणारी झडप ताठरली, की रक्त पुढे सरेना आणि माणसाला चार पायऱ्याही चढवेनात. छाती उघडून झडप बदलावी, तर अशक्त देहाला ते सोसावे कसे? फ्रान्समधील रूआँ येथे डॉ. आलाँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी यावर तोड काढली. शल्यविशारदांनी नाकारलेला, मरणपंथास लागलेला ५७ वर्षांचा रोगी त्यांच्यापुढे होता. गोवंशाच्या हृदयावरणापासून केलेली झडप धातूच्या जाळीत बसवून, ती मिटवून त्यांनी मांडीच्या शिरेतून नळीवाटे हृदयात नेली आणि फुगा फुगवून उघडली. रक्त मोकळे वाहू लागले! रोगी पुढे सुमारे चार महिने जगला. मृत्यूचे कारण हृदय नव्हते. चार महिने थोडेच. पण त्यांच्याच भरवशावर आज कितीतरी आजोबा-आजी पुन्हा घराचा जिना चढत आहेत.