दोन फोन आणि चोवीस हप्ते

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर आपल्या समाजाची मुले-मुली इंग्लंडात शिकायला जात आहेत. तिथे दुकानात दोन फोन पुढे येतात असे समजा: एक झगझगीत, पण महिन्याला ५ जीबी डेटा, दुसरा साधा, ३० जीबी. रोख काही नको, हप्ता भरा! करार मात्र बहुधा २४ महिन्यांचा, आणि एम.एस्सी. एका वर्षाची. उरलेले हप्ते इथून आई-बाबांनी भरायचे काय? शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा आली, तरी फोनचा हप्ता थांबत नाही.

दोहोंतच निवडायचे तर आम्ही साधा फोन घ्या म्हणू. घरी तासभर व्हिडिओवर बोलले की साधारण अर्धा जीबी जातो; रोज बोलणाऱ्याचे ५ जीबी दहा दिवसांत संपतील. पण विद्यापीठात वायफाय असतेच. म्हणून आमचे खरे मत: दोन्ही नकोत. हँडसेट इथून न्यावा आणि तिथे नुसत्या सिमचा ३० दिवसांचा करार करावा.

तरीही करारच करायचा असेल, तर दरवाढीची ओळ शोधा. १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांत ती पौंड-पेन्सच्या आकड्यांत द्यावी लागते. सही करण्याआधी घरी फोन करून ती मराठीत समजावून सांगा.