जुन्या जीपचे दिवे तपासा, राजेहो!

चांदूर बाजारकडच्या संत्राबागांत जुनी जीप दिसली, की आधी दिवे बघा. मिलिटरी रंग कुणीही मारतं. महायुद्धातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यूचे हेडलाइट जाळीच्या आत असतात. बॉनेट उघडा, विंगनट सैल करा, दिवा उलटा फिरवा: उजेड थेट इंजिनावर! रात्री रिपेरिंगला केवढी सोय. नंतरच्या महिंद्रा सीजे-३बीत ही गंमत नाही.

मागचे ब्लॅकआउट दिवे तर लय भारी. ताफा अंधारात चालायचा तेव्हा मागच्या ड्रायव्हरला 60 फुटांच्या आत चार ठिपके दिसत, 180 पर्यंत दोन, त्यापुढे एकच. अंतर आपोआप कळे. भंगारवाले हेच दिवे आधी काढतात.

पत्र्याच्या जाळीच्या फटीही मोजा: 9 असल्या तर युद्धकाळातली, 7 तर नंतरची.