अद्भुत चित्रपटाचा आरंभ

अद्भुताचा लघुचित्रपट करू पाहणारा विद्यार्थी पहिल्याच दृश्यात धूर, विजा आणि राक्षस आणतो. प्रेक्षक त्याने दिपत असेल. रमत मात्र नाही. या संदर्भात झाँ कॉक्तो या फ्रेंच कवीच्या १९४६ सालच्या ‘ला बेल ए ला बेत’ (सुंदरी आणि पशू) या चित्रपटाचा आरंभ अभ्यासण्याजोगा आहे. सामग्री कोणती, तर फळा आणि खडू! कॉक्तो स्वतः त्यावर नटांची नावे लिहितो. चित्रीकरण सुरू होणार तोच ते थांबवून, हस्तलिखित निवेदनाद्वारे तो प्रेक्षकांकडे थोडे बालसुलभ भाबडेपण मागतो आणि अखेरीस ‘कोणे एके काळी’ म्हणतो. आपल्या कहाण्यांतील ‘आटपाट नगर’ हेच कार्य करते: श्रोता जाणूनबुजून विश्वास ठेवण्यास सिद्ध होतो. युद्धानंतरच्या त्या टंचाईत कच्ची फिल्मदेखील दुर्मिळ होती.

एवढे होऊनही जादूचा वाडा लगेच दिसत नाही. दिसतो तो खिडकीतून घरात घुसलेला बाण, बहिणींची कुरकुर, फरशी पुसणारी बेल. हे घर ओळखीचे झालेले असते, म्हणूनच पुढे त्या वाड्याच्या भिंतींतून निघालेले, दीप धरलेले मानवी हात अंगावर काटा आणतात.