सशांचे गोठीत भ्रूण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सशाचा भ्रूण गोठवणे म्हणजे त्याचा बर्फ करणे, असे शब्दावरून वाटते. पहिली गफलत इथेच होते. पेशीत बहुतांश पाणीच असते आणि त्या पाण्याचा बर्फ झाला की स्फटिकांच्या कडांनी पेशीची पटले फाटतात. घरच्या फ्रीझरमधून काढलेला टोमॅटो वितळल्यावर लिबलिबीत होतो, त्याचे कारण हेच. त्यामुळे भ्रूण गोठवण्याची सगळी विद्या पेशीत बर्फ होऊ न देण्याची आहे.

त्याच्या दोन वाटा आहेत. जुन्या वाटेने तापमान अगदी सावकाश उतरवतात, म्हणजे पेशीतले पाणी गोठण्याआधीच बाहेर निघून जाते. 1972 साली उंदराचे भ्रूण या रीतीने टिकले आणि 1974 पर्यंत सशाचेही टिकू लागले. दुसरी वाट रॉल आणि फाही या संशोधकांनी 1985 मध्ये उंदराच्या भ्रूणावर दाखवली. तिला व्हिट्रिफिकेशन म्हणतात. भोवतालचे द्रावण इतके दाट करायचे आणि इतक्या झपाट्याने थंड करायचे, की त्याला स्फटिक व्हायला सवडच मिळत नाही. ते काचेसारखे घट्ट होते. सशाच्या बाबतीत आज बहुधा हीच रीत वापरतात. एथिलीन ग्लायकॉल आणि डीएमएसओ या बर्फ रोखणाऱ्या रसायनांच्या सौम्य द्रावणात भ्रूण मिनिट-दोन मिनिटे राहतात, मग दुप्पट तीव्र द्रावणात जेमतेम मिनिटभर. तेवढ्यात ते पाव मिलिलिटरच्या कांडीत भरून द्रवनत्रात, म्हणजे उणे 196 अंश सेल्सियसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये, सोडावे लागतात. गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी गावोगावी पोचणाऱ्या गोठीत रेतमात्रांची कांडी ज्याने पाहिली आहे, त्याला ही कांडी ओळखीची वाटेल.

ससे भराभर वाढतात, मग त्यांच्या जतनाची काळजी कशाला, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्यात प्रजाती आणि जात यांची सरमिसळ आहे. पाळीव सशाच्या सगळ्या जाती एकाच युरोपीय सशापासून निघाल्या. त्याचे मूळ घर स्पेन-पोर्तुगालचा आयबेरियन द्वीपकल्प. ऑस्ट्रेलियात हाच ससा शेतीचा शत्रू ठरला, पण मूळ घरी रोगराईने तो इतका घटला, की आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला संकटग्रस्त ठरवले आहे. पाळीव सशांचे दुखणे वेगळे. मांसासाठी ससे पाळणारे उद्योग मोजक्याच संकरित वाणांवर चालतात आणि जुन्या स्थानिक जाती थोड्या हौशी पालकांच्या खुराड्यांत उरतात. तिथे एक साथ शिरली की जात संपू शकते. 1984 मध्ये चीनमध्ये दिसलेला रक्तस्रावी रोग काही वर्षांत युरोपभर पसरला आणि 2010 मध्ये फ्रान्समध्ये त्याच्या विषाणूचा नवा प्रकार आढळला. भरपूर पिल्ले होण्याचा गुण अशा वेळी कामाचा नाही, कारण पिल्ले व्हायला आधी आई-बाप जिवंत असावे लागतात.

गाईंचे काम गोठीत वीर्यावर भागते, मग सशांचे का भागू नये? एक अडचण वीर्याचीच आहे. गोठवून वितळवलेल्या वीर्याने सशाच्या माद्या ताज्या वीर्याइतक्या खात्रीने गाभण राहत नाहीत आणि राहिल्या तरी पिल्ले कमी होतात. मोठी अडचण आनुवंशिकतेची आहे. जातीच्या माद्या संपल्या आणि फक्त वीर्य उरले, तर दुसऱ्या जातीच्या माद्यांवर पिढ्यान्‌पिढ्या तेच वीर्य वापरत जावे लागते. पहिल्या पिढीत जुन्या जातीचा अंश निम्मा, दुसरीत पाऊण. असे करत पाचव्या पिढीत तो सुमारे 97 टक्क्यांवर पोचतो. आईकडूनच येणारी मायटोकाँड्रियातली जनुके तर कधीच परत येत नाहीत. भ्रूणात दोन्ही बाजूंचा वारसा पुरता असतो. तो दुसऱ्या मादीच्या पोटात ठेवला, की महिन्याच्या आत शुद्ध जातीचे पिल्लू जन्मते.

त्या दुसऱ्या मादीचा रंग किंवा गुण पिल्लात उतरतील, ही शंका जुनी आहे आणि तिचे उत्तरही जुने आहे. 27 एप्रिल 1890 रोजी इंग्लंडमध्ये वॉल्टर हीप यांनी अंगोरा मादीचे दोन भ्रूण बेल्जियन हेअर जातीच्या मादीत ठेवले. बेल्जियन हेअर हे नाव असले तरी तो पाळीव ससाच. ती मादी आधीच आपल्या जातीच्या नराला दिलेली होती. तिला सहा पिल्ले झाली : चार बेल्जियन आणि दोन लांब, रेशमी केसांची अस्सल अंगोरा. सस्तन प्राण्यातले हे पहिले यशस्वी भ्रूणरोपण, आणि ते सशात झाले. या कामात जनुकांना कोणी हात लावत नाही आणि क्लोनिंगही होत नाही; नर-मादीच्या नेहमीच्या मीलनातून झालेला भ्रूणच जपला जातो.

कोणत्याही वयाचा भ्रूण गोठवता येतो, हाही समज चुकीचा. सशाच्या मादीचे बीज मीलनानंतरच, दहा-बारा तासांनी सुटते. त्यामुळे वेळ नेमकी मोजता येते, ही मोठी सोय. मीलनानंतर साधारण 72 तासांनी भ्रूण पेशींच्या घट्ट गोळ्याच्या रूपात असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो तुतीच्या फळासारखा दिसतो आणि भोवती म्युसिन या चिकट पदार्थाचे पारदर्शक थर असतात, मोत्याच्या थरांसारखे. हे थर बीजवाहिनीत चढतात. ते नसतील तर भ्रूण गर्भाशयात सहसा रुजत नाही, म्हणून प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या सशाच्या भ्रूणांचे फारसे जमत नाही. पुढे भ्रूण पाण्याने भरून फुगतो आणि मग त्याला गोठवणे अवघड जाते. थोडक्यात, काम एका अरुंद मुदतीत उरकावे लागते.

वितळवताना कांडी वीस-पंचवीस अंशांच्या साखरेच्या द्रावणात रिकामी करतात, म्हणजे पेशीत शिरलेली ती विषारी रसायने बाहेर येतात आणि पाणी एकदम आत घुसत नाही. मग भ्रूण वाढवणाऱ्या मादीला भूल देऊन पोटाला बारीक छिद्र पाडतात आणि दुर्बिणीतून पाहत दहा-बारा भ्रूण बीजवाहिनीत सोडतात. तिला मोठी चिरफाड सोसावी लागत नाही. भ्रूण देणाऱ्या माद्यांचे नशीब मात्र इतके बरे नसते. भ्रूण धुऊन काढण्यासाठी बऱ्याच ठिकाणी अजूनही मादी मारली जाते, आणि या पद्धतीची माहिती देताना हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

जुना भ्रूण शिळा होतो का? उणे 196 अंशांना रासायनिक क्रिया जवळजवळ थांबलेल्या असतात. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी पंधरा वर्षांपर्यंत ठेवलेल्या सशाच्या भ्रूणांची तुलना केली. साठवणीच्या काळाचा जगण्यावर परिणाम आढळला नाही. तिथे जुन्या पिढीचे भ्रूण जागे करून ते ससे आजच्या पिढीशेजारी वाढवतात आणि मधल्या वर्षांत निवड-पैदाशीने खरोखर किती सुधारणा झाली ते मोजतात. नुसत्या नोंदवहीवरून हा फरक कळला नसता.

याउलट, गोठवणीचा काहीच परिणाम होत नाही असे म्हणणेही धाडसाचे. वेळेने झीज होत नसली तरी गोठवणे-वितळवणे हा धक्काच असतो. त्याच विद्यापीठाच्या अभ्यासांत अशा भ्रूणांच्या नाळेत आणि त्यांच्यापासून झालेल्या सशांच्या वाढीत फरक दिसले आहेत. ससे जगतात आणि पैदाशीलाही येतात, पण ते हुबेहूब मूळ कळपासारखे असतील असे धरून चालत नाही.

हिशेबही अनेकदा चुकतो. रोपण केलेल्या भ्रूणांपैकी ढोबळमानाने निम्म्यांची पिल्ले होतात असे धरले, तर 25 नर आणि 25 माद्या मिळवायला 100 भ्रूण लागतील. दूध तुटण्याआधीची मरतूक धरली तर आणखी. शिवाय ते शंभर चारच माद्यांचे असतील तर हाती येतात सख्खी भावंडे, आणि दोन-तीन पिढ्यांत रक्त जवळचे होते. दात्यांची संख्या भ्रूणांच्या संख्येइतकीच महत्त्वाची ठरते. द्रवनत्रही सतत उडत असते. पात्र वेळेवर भरले नाही तर सगळी पेढी एका रात्रीत जाते, म्हणून साठा दोन ठिकाणी विभागून ठेवतात. फ्रान्सने 1999 मध्ये पाळीव जनावरांसाठी राष्ट्रीय गोठीत साठा उभारला. अन्न व कृषी संघटनाही अशा साठ्याला जिवंत कळपाचा जोडीदार मानते, पर्याय मानत नाही.

महाराष्ट्रातल्या माळरानावर दिसणारा ससा या तंत्राच्या कक्षेत येतो, असे वाटणे स्वाभाविक आहे. मराठीत त्याला आणि पाळीव सशाला एकच शब्द असला तरी तो रानससा वेगळ्या वंशातला. त्याची पिल्ले उघड्या डोळ्यांनी, अंगावर केस घेऊन जन्मतात. पाळीव सशाची आंधळी आणि बिनकेसांची. रानसशांत 48 गुणसूत्रे असतात, पाळीव सशात 44. अंगोरा किंवा सोव्हिएत चिंचिला अशा भारतात पाळल्या जाणाऱ्या जाती बाहेरून आलेल्या आहेत. त्यांचा भ्रूण रानसशाच्या पोटात वाढवता येणार नाही आणि रानसशाचा त्यांच्या पोटात नाही.