शिक्षकांची सुटी आणि खेळ

पावसाळ्यांत मासेमारी बंद झाली म्हणजे मुंबईच्या कफ परेडवरील मच्छीमार नगरांत होड्या किनाऱ्याला विसावतात. परंतु तो काळ आळसाचा नसतो. फाटलेलीं जाळीं सांधलीं जातात, होड्यांची डागडुजी होते आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्याच होड्या नव्या दमानें पाण्यांत उतरतात. शिक्षकाची उन्हाळी सुटीहि अशीच असावयास हवी. प्रत्यक्षांत मात्र तिचा बराच भाग पुष्कळदां प्रशिक्षणवर्गाच्या बाकांवर जातो. जो मनुष्य वर्षभर फळ्यासमोर उभा राहिला व वह्यांवर वांकला, त्यालाच सुटींत पुनः तासन् तास बसविण्यांत येतें.

उन्हाळी वर्गांत व्यायामाला स्थान असावें, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाहीं. १९१४ सालीं अमरावतीस स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें पुढें व्यायामाचे उन्हाळी शिक्षणवर्ग चालविले. १९३६ सालीं याच मंडळाच्या पथकानें बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं. मुंबई सरकारनेंहि १९३८ सालीं कांदिवलीस शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षणसंस्था काढली. या उद्योगांचा हेतु स्तुत्य होता. पण अशा वर्गांत शिक्षक शिकावयाचा तो मुख्यतः दुसऱ्यास शिकविण्यासाठीं. त्याच्या स्वतःच्या शरीरासहि विरंगुळा हवा, हा विचार मागें राहिला.

हा विरंगुळा म्हणजे चैन नव्हे. पोटरीचे स्नायू आकुंचन पावले म्हणजे पायांतील रक्त हृदयाकडे वर ढकललें जातें. एकाच जागीं फार वेळ उभें राहिल्यानें वा बसल्यानें हें कार्य मंदावतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांना आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल, आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळकटी आणणारा व्यायाम सुचविला. आठवड्यांतून पांच दिवस रोज अर्धा तास दिला कीं पहिली मर्यादा सहज गांठतां येते. त्यासाठीं मोठी व्यायामशाळाहि नको. शाळेचें अंगण पुरें.

मात्र अशा वर्गाची आंखणी जाणतेपणानें व्हावी. मे महिन्यांत मुंबईची हवा दमट व उष्ण असते, म्हणून वेळ सकाळची घ्यावी व पिण्याचें पाणी जवळ ठेवावें. तरुणांस लंगडी, लगोरी वा लेझीम. गुडघे दुखणाऱ्यांस संथ चालणें व सोपीं आसनें, असा पर्याय असावा. घरचें काम उरकून येणाऱ्या शिक्षिकांस सोयीची वेळ त्यांनाच ठरवूं द्यावी. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे त्यांत हजेरी, गुण व सक्ती नसावी. सक्ती आली कीं खेळाची कवाईत होते, आणि आधींच्या ओझ्यांत आणखी एकाची भर पडते.

या वर्गाचा लाभ शिक्षकापुरताच राहात नाहीं. परीक्षा जवळ आली कीं मुलांचा खेळाचा तास गणिताकडे वळविण्याची रीत अनेक शाळांत आहे. जो शिक्षक सुटींत स्वतः धांवला, हरला आणि मनमोकळा हंसला, त्याचा हात तो तास काढून घेतांना निदान क्षणभर तरी अडखळेल.